कोलशेतची हळद आणि माझा हात

माझा हात घसरला नव्हता. लेखाची सुरुवात अशी नकाराने करणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम कामगिरी भर सभेत अपघात म्हणून घोषित केली जाते, त्याने शिष्टाचार पाळत बसावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीतील एका सभागृहात जुन्या स्क्रॅच संगीताच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. फिरती रेकॉर्ड बोटांनी पुढेमागे ओढून सुईतून जो खरखरीत, बोलका आवाज काढतात, तो स्क्रॅच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत या आवाजावर ब्रेक डान्स करणारी पोरे गल्लोगल्ली होती. तीच आता पन्नाशी ओलांडून, गुडघ्यांना पट्टे बांधून जमली होती. कोणी जपलेली रेकॉर्ड छातीशी धरून आला होता, कोणी घासून गुळगुळीत झालेली कॅसेट. एकाने त्या काळची कपाळपट्टी बांधली होती. केस गेले होते, पट्टी राहिली होती. त्यांचे ते हळवे होणे मला मनापासून आवडले. आपण वाजवलेले कोणीतरी इतकी वर्षे उराशी धरून बसले आहे, हे कोणत्या वाजवणाऱ्याला नको असते?

मग सूत्रसंचालक मिलिंद माइकपाशी आला. हा गृहस्थ एके काळी ठाण्यात डोक्यावर गरगर फिरायचा. आता सफाईदार बोलतो. तो म्हणाला, "मंडळी, आपल्या ठाणे जिल्ह्यातला पहिला स्क्रॅच कसा जन्मला, माहितेय? कोलशेतला हळद होती. रेकॉर्ड वाजवणाऱ्या काकांना पोरांनी पकडून हळद फासली. तो तेलकट हात रेकॉर्डवर पडला आणि घसरला! विकी-विकी! काकांना वाटलं, गेली रेकॉर्ड. पब्लिकला वाटलं, काय भारी वाजवलं! टाळ्या होऊन जाऊ द्या त्या हळदीसाठी!"

हळदीसाठी टाळ्या झाल्या. ते काका म्हणजे मी, आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.  शेजारच्या गृहस्थाने टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे हसून पाहिले, तेव्हा मी उभा राहिलो.

"ते काका मी आहे," मी म्हणालो.

पुन्हा टाळ्या झाल्या. मिलिंद धावत खाली आला. "अहो काका! आम्हांला वाटलं, तुम्ही… म्हणजे, या ना वर! लेजंड आहात तुम्ही!"

"लेजंड नंतर. आधी ते घसरण्याचे वाक्य मागे घ्या."

"काका, स्टोरी भारी आहे हो. सगळ्यांना आवडते."

"मला आवडत नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "मग साक्षीदार आणा, काका! साक्षीदार!" आणि सगळे हसले. कल्याणच्या एका गृहस्थांनी त्या गोंधळात उठून पहिला स्क्रॅच मुळात कल्याणात झाला असल्याचेही सांगून घेतले. त्या वर्षी त्यांच्याकडे एकच टर्नटेबल होते आणि तेही दुरुस्तीसाठी माझ्याकडे पडलेले होते, एवढेच येथे नोंदवतो. पण साक्षीदाराचे मात्र मी मनावर घेतले.

प्रथम, जे या धंद्यात नव्हते त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. डोंबिवलीत माझे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचे दुकान होते, आणि त्याला जोडून साउंड सर्व्हिस: लग्ने, बारशी, गणपती, सगळीकडे भोंगे आणि रेकॉर्डी घेऊन जायचे. या व्यवसायात एकच धर्म होता. रेकॉर्डच्या अंगाला बोट लावायचे नाही. ती कडेने धरायची, मखमलीने पुसायची, सुई अलगद टेकवायची. बोटाचा घाम खाचांत गेला की रेकॉर्ड खरखरू लागते. मी तर दुकानात पाटीच लावली होती: 'यंत्राजवळ पावडर, तेल, तंबाखू आणू नये.' शेजारच्या गाळ्यात कॅरम क्लब होता. तिथली पोरे पांढऱ्या हातांनी माझ्याकडे गाणी ऐकायला येत, आणि मी त्यांना हात धुवायला परत पाठवी.

अशा माणसाकडे एक दिवस बोटीवर नोकरी करणारा एक ठाणेकर आपला प्लेअर दुरुस्तीला देऊन गेला, आणि तपासणीसाठी सोबत अमेरिकेतून आणलेली एक रेकॉर्डही. मी ती लावली. ताल छान होता, पण मध्येच कोणीतरी पत्रा कुरतडावा तसा आवाज. मी सुई बदलली. तोच आवाज. तारा बदलल्या, सुईच्या दांड्याचे वजन बदलले, शेवटी प्लेअरच बदलला. तोच आवाज! मी हात टेकले. गृहस्थ आले तेव्हा मी म्हणालो, "तुमची रेकॉर्डच सदोष आहे."

ते पोट धरून हसले. "अहो, ते असंच आहे! न्यू यॉर्कला बागेत पोरं वाजवताना पाहिलीत मी. दोन प्लेअर शेजारी शेजारी, आणि रेकॉर्ड हाताने मागे ओढतात."

"हाताने?"

"हाताने. असं, पुढे-मागे."

"चालू रेकॉर्ड?"

"चालू रेकॉर्ड."

कोणी सतारीवर उभा राहून नाचतो असे ऐकले असते, तरी मला इतका धक्का बसला नसता. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केले. घरी जेवतानाही माझी बोटे ताटाच्या कडेवर पुढेमागे फिरत होती, असे पत्नी नंतर सांगत असे. धक्का ओसरला तेव्हा खाली जे उरले होते, तो संताप नव्हता, हेवा होता. ज्या वस्तूला मी उभ्या आयुष्यात बोट लावले नाही, तिच्यातून न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय पोरे बोटांनी बोल काढत होती. तबलजी शाईतून काढतो, तसे.

मी शिकायचे ठरवले. शिकवणारे कोणी नव्हते. अडचण अशी की, रेकॉर्ड ज्या थाळीवर फिरते तिच्यावर रबर असते, आणि ते रेकॉर्डला घट्ट धरते. हाताने रेकॉर्ड थांबवली की थाळीही थांबते, मोटर कण्हू लागते. थाळी खाली फिरत राहिली पाहिजे आणि रेकॉर्ड वर आपल्या बोटांत मोकळी राहिली पाहिजे. सगळी कला या मोकळेपणात आहे. मी रबर काढले. बटर पेपर घालून पाहिला, एक्स-रेची फिल्म घालून पाहिली, पत्नीच्या परकराचे सॅटिन घालून पाहिले. अखेर हार्मोनियममध्ये वापरतात ती बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, आणली, तिला खळ दिली, कडक इस्त्री केली आणि गोल कापली. सुई उडू नये म्हणून तिच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचे पाच पैशांचे नाणे चिकटवले. नेमकी जागा सापडावी म्हणून रेकॉर्डच्या मधल्या कागदावर पत्नीची टिकली. एक हात रेकॉर्डवर, दुसरा मिक्सरच्या बटणावर. एक ओढतो, दुसरा आवाज उघडतो आणि मिटतो. कित्येक महिने मी हेच करत होतो. पत्नी स्वयंपाकघरातून विचारी, "उंदीर सापडला की नाही अजून?"

हे सारे मी कोलशेतच्या हळदीआधी केले होते. म्हणूनच 'घसरला' हा शब्द मला लागतो.

लोकांसमोर हे वाजवणे आणखी वेगळे. आपल्याकडे रेकॉर्ड खरखरली की ती अडकली आहे, आणि अडकलेली रेकॉर्ड सोडवणे हे प्रत्येक सज्जनाचे कर्तव्य आहे. पुढच्या काळात कल्याणच्या एका लग्नात मी ऐन रंगात असताना नवरदेवाचे काका स्टेजवर चढले आणि अतिशय मायेने त्यांनी सुईचा दांडा उचलून बाजूला ठेवला. "लक्ष नव्हतं तुमचं," ते म्हणाले. "केव्हाची अडकलीये बिचारी."  खडवलीला तर व्होल्टेज उतरले. माझे एक यंत्र थेट विजेच्या दाबावर चालणारे, जुने. रेकॉर्ड रडत रडत मंद झाली, आणि तिच्यावर नाचणारा तरुणही इमानदारीने तितकाच मंद होत गेला. त्या नाचाला पहिले बक्षीस मिळाले. वाजवणाऱ्याला, म्हणजे मला, उत्तेजनार्थ.

आता कोलशेत. खाडीकाठच्या कोळीवाड्यात हळद होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण नावाची एक मानकरीण असते. ती धवळे गाते, म्हणजे विधींची गाणी, आणि तिच्या गाण्यावाचून एकही विधी पुढे सरकत नाही. भटजीसुद्धा तिच्यासाठी थांबतात. कोलशेतची धवलारीण होती चांगुणाबाय. कपाळभर कुंकू, दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरलेले आणि आवाज असा की माझ्या भोंग्यांना शरम वाटावी. मांडवात मी सामान लावत असताना ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"रेकॉटवाल्या, मी गाताना तुजा कर्ना बंद पायजे."

"बंद ठेवीन. पण दोन कडव्यांच्या मध्ये तुम्ही थांबता, तेव्हा वाजवू?"

तिने जरा विचार केला. "मदी वाजव. माज्या अंगावर नको येऊस."

हा करार होता. त्या दोन कडव्यांमधल्या जागेत मी प्रथमच लोकांसमोर स्क्रॅच वाजवणार होतो. परंतु दुपारी यंत्र चालवून पाहिले, तर रेकॉर्ड सरकेना. खाडीची दमट हवा बनातीतल्या खळीने शोषून घेतली होती. कापड मऊ पडून थाळीला चिकटत होते. रेकॉर्ड धरली की मोटर कण्हायची. इस्त्री मागवावी, तर मांडवात ती कोण देणार? यजमानांनी मला जेवायला ओढून नेले. मी मासे खात नाही म्हणून बटाट्याची भाजी मुद्दाम केली होती. ती कशी झाली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. सगळा जीव त्या ओल्या कापडात होता.

परतलो तो हळद सुरू झाली होती. पोरांनी मला धरले आणि तोंड, मान, कान पिवळे केले, हे खरे. यंत्रावरही हळद उडाली, आणि रात्री आवरताना मी ती कानाकोपऱ्यातून पुसून काढली, हेही खरे. परंतु त्यानंतर मी माझ्या पेटीतले स्पिरिट काढले, कापसाने दोन्ही हात, प्रत्येक बोट, नखांच्या कडा स्वच्छ पुसल्या, आणि मगच रेकॉर्डला हात लावला. हा मुद्दा आहे. हात स्वच्छ होते.

चांगुणाबायने पहिला धवळा म्हटला. थांबली. मी रेकॉर्ड धरून मागे ओढली.

ती हलली! अशी हलली की मीच दचकलो. खाली थाळी आहे, कापड आहे, मोटर आहे, याची बोटांना खबरच नव्हती. रेकॉर्ड माझ्या बोटांत तरंगत होती. मागे, पुढे, मागे. आवाज उघडला, मिटला.  एक म्हातारा ओरडला, "अरं, रेकॉट फाटली!" बायकांच्या हातातल्या वाट्या तशाच राहिल्या. चांगुणाबायने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ही मला मांडवाबाहेर काढणार. तिने पुढचा धवळा उचलला, संपवला, थांबली आणि हनुवटी उडवून मला खूण केली: बोल. मी बोललो. ती गायली, मी बोललो. तिने मुद्दाम लय वाढवली, मी सोडली नाही. पुढे पोरांची रांग लागली होती, डोळे फाडून बघत होती. मिलिंद त्यांतलाच एक असावा.

तसे पुन्हा कधी वाजले नाही. हे मी स्वतःहून सांगतो, कारण ते सांगणारे दुसरे कोणी नाही. ठाण्यात, कल्याणात, टिटवाळ्यात, स्पर्धांत आणि लग्नांत मी बरे वाजवले, कधी चांगलेही. पण ती तरंगती रेकॉर्ड पुन्हा बोटांना मिळाली नाही. मी खळ वाढवली, नवी बनात आणली, परदेशी सुई आणली. दोष कधी विजेला दिला, कधी हवेला, कधी ऐकणाऱ्यांना. पुढे सीडी आल्या, मग संगणक आले, आणि मी सामान विकून टाकले. मनाशी म्हणत राहिलो: एका संध्याकाळी का होईना, माझा हात तिथवर पोचला होता.

म्हणून त्या मेळाव्यानंतर मी साक्षीदाराकडे गेलो.

कोलशेतला आता मोठमोठे टॉवर आहेत. पण कोळीवाडा त्यांच्या सावलीत जागच्या जागी आहे. चांगुणाबाय ओटीवर बसली होती. पार वाकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा, चुडा मात्र तोच हिरवा. तिच्या सुनेला मी कोण ते सांगितले. सून कानाशी ओरडली, "आये, रेकॉटवाले काका आलेत! जुने!"

"कोन? तो विकी-विकीवाला?" म्हातारीने चष्मा वर केला. "मेला नाय अजून? बस, बस. गो, च्या टाक."

मी येण्याचे कारण सांगितले. लोक काय बोलतात तेही सांगितले. ती खो खो हसली. मी सुनेला म्हणालो, "सूनबाई, जरा मोबाइलवर यांचे बोलणे घ्या. मेळाव्याला पाठवायचे आहे." सुनेने मोबाइल समोर धरला. मी वकिली थाटात विचारले, "चांगुणाबाय, त्या दिवशी माझ्या हाताला हळद होती?"

"नाय बा. तू तर वास येनाऱ्या पान्यानी हात धुत बसलावतास. आमी बाया हसलो तुला. बोटं पुसतोय का चांदी पुसतोय!"

मी खुर्चीवर मागे रेललो. लढाई जिंकली होती.

"हलद तुज्या हाताला नव्हती," ती म्हणाली. "हलद यंत्राला व्हती."

"ती पोरांनी उडवली होती. मी नंतर पुसली सगळी."

"पोरांनी नाय. मी लावली. तू जेवाया जेलास तवा. तो तुजा गोल फडका उचलला, खाली तव्यावर मूठभर कोरी हलद पसरली, आन फडका ठेवला जसाच्या तसा."

मला नीट ऐकू आले नाही असे वाटले. "खाली? कापडाखाली?"

"मंग? लगनान जे जे वाजतं, फिरतं, त्याला पयली हलद. ढोलाला लावली, सनईला लावली. जात्याच्या खाली टाकतो ना, तशी तुज्या फडक्याखाली टाकली. तुजंबी फिरतंच की! वरून लावली असती तर तू बोंबलला असतास."

  कोरडी, मऊ, वस्त्रगाळ भुकटी, कापडाच्या आणि धातूच्या मध्ये. कॅरमवर पावडर का टाकतात, हे डोंबिवलीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ते ठाऊक असलेली पोरे रोज माझ्या दारात उभी राहत, आणि मी त्यांना हात धुवायला पाठवत होतो. ती सगळी खळ, त्या सगळ्या बनाती, परदेशातून मागवलेली सुई. माझ्या डोळ्यांसमोर एकेक स्पर्धा उलटी फिरू लागली. टिटवाळ्याला रेकॉर्ड चिकटली ती. कल्याणला लय सुटली ती. कॅरम क्लब भिंतीपलीकडे होता.

सुनेने मोबाइल किंचित खाली केला. तिचा चेहरा पडला होता. "काका, हे पाठवू की राहू दे? मागचं कापता येतं."

"पाठवा," मी म्हणालो.  "पण सबंध पाठवा. हात स्वच्छ होते, हे वाक्य कोणी गाळता कामा नये. कापडाखाली हळद असली, तरी लय हळद धरत नाही. ती मी धरली होती."

"धरलीवतीस," म्हातारी म्हणाली. "माज्या मागं मागं आलास, चुकला नाय. मंग पुढं? बाकीच्या लगनान कोन लावीत व्हता हलद?"

"कोणी नाही."

"कुनीच नाय?" तिने तोंडावर हात ठेवला. आता धक्का बसण्याची पाळी तिची होती. "येवढी वरसं? लोकांच्या लगनान, बिगरहलदीचं वाजवत फिरलास? आरं देवा! गो, आन तो हलदीचा डबा. कुठाय यंत्र तुजं?"

"विकले. केव्हाच."

 तिने सुनेने आणलेला डबा मांडीवर घेतला, झाकण उघडले, चिमूट नव्हे तर चांगली मूठ भरली.

"मंग हात दे," ती म्हणाली.

मोबाइल चालूच होता. तो बंद करा, असे सांगणे माझ्या ओठांवर आले होते. मी दोन्ही हात पुढे केले.